फूचौच्या जुन्या यमककोशाचा तक्ता करताना: कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

काम असं आहे. दक्षिण चीनमधल्या फूचौ शहराच्या बोलीचा ‘छी-लिन बायिन’ हा जुना यमककोश (चिनी अक्षरं उच्चाराप्रमाणे, यमकांच्या गटांत लावलेला कोश) स्प्रेडशीटमध्ये आणायचा. कुठलंही अक्षर टाकलं की ते कोशात कुठे आहे ते सापडलं पाहिजे, आणि कुठलाही उच्चार टाकला की त्याची सगळी अक्षरं समोर आली पाहिजेत. असा प्रयत्न आणखी कोणी करणार असेल तर त्याचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी ठेवतोय.

कोश १७४९ सालचा. जिन आन या संपादकाने आधीचे दोन कोश एकत्र करून छापले. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात छी जिग्वांग या मिंग राजवटीतल्या सेनापतीच्या नावावर चालणारा कोश आहे आणि खालच्या अर्ध्यात लिन बिशान यांचा. छी १५६२ मध्ये समुद्री चाच्यांशी लढायला फूजियान प्रांतात (फूचौ तिथलंच) आला होता. कोश त्याने स्वतः केला यावर अभ्यासकांचा फारसा विश्वास नाही, म्हणून माझ्या फाइलच्या ‘कर्ता’ रकान्यात ‘परंपरेने’ एवढंच लिहिलंय. सध्या फक्त वरचा अर्धा भाग करणार आहे.

दुसरे पर्याय पाहिले होते. चांगचौच्या बोलीचा १८१८ चा ‘पंधरा ध्वनीं’चा कोश जास्त मोहात पाडणारा, पण त्यात पोथीतलं वाचन लाल शाईत आणि बोलण्यातलं काळ्या शाईत छापलंय. मला मिळालेलं स्कॅन कृष्णधवल होतं, म्हणजे कोशातली निम्मी माहिती स्कॅनरनेच खाल्लेली. तो कोश करणाऱ्याने रंगीत स्कॅन मिळेपर्यंत सुरुवात करू नये.

१९ जानेवारी

स्कॅन फुकट मिळालं. खर्च झाला तो २००१ साली फूजियान पीपल्स पब्लिशिंग हाउसने काढलेल्या टीपांसहितच्या आवृत्तीवर (ली रुलोंग आणि वांग शंगख्वै यांची). जुनी प्रत मागवली, टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त पडला. तरी घ्या. लाकडी ठशांची छपाई जिथे पुसट आहे तिथे हिच्याशिवाय गत्यंतर नाही.

कोशाची रचना एकदा नीट समजून घेतली. बाराखडी जशी व्यंजन आणि स्वर यांची जाळी असते, तशीच ही आहे, फक्त तिला तिसरी बाजू सुरांची, म्हणजे आवाजाच्या चढउताराची; सूर बदलला की शब्द बदलतो. आधी यमक, म्हणजे शब्दाचं शेपूट. मग त्या यमकात आद्यध्वनी, म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचं व्यंजन. मग त्या आद्यध्वनीखाली सूर. प्रत्येक खान्यात त्या उच्चाराची सगळी अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराखाली अगदी थोडक्यात अर्थ.

यमकांची नावं पाठ व्हावीत म्हणून त्यांची कविताच केली आहे. वसंत, फुलं, सुगंध. शरद, डोंगर, मोकळं आकाश. मानाच्या पाहुण्यांच्या आनंदगीताला सोन्याचा पेला हवा. एकाकी दिव्याचा उजेड. पूर्वेच्या शिवारात जावं, पश्चिमेचा पूल ओलांडावा. कोंबड्याची बांग पहाटेची घाई करते. आणि शेवटी एक विचित्र प्लमचं झाड वाकून ओढ्यावर झुकलेलं. एकूण छत्तीस अक्षरं, प्रत्येक अक्षर म्हणजे एक यमक. आद्यध्वनींसाठी पाच-पाच अक्षरांच्या चार ओळी आहेत, त्यातली शेवटची ओळ ‘टाळी देऊन तुम्हांला कळवतो’ अशा अर्थाची. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे तिनेच घोळ घातलाय.

२५ जानेवारी

ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर) करून पाहिलं. पैसे भरून घेतलेल्या एका सेवेने वरचा कोश आणि खालचा कोश एकाच उभ्या ओळीत वाचून काढला. छी यांचं अक्षर आणि लिन यांचा अर्थ असं मिश्रण तयार झालं. वाचायला बरं वाटतं, उपयोग शून्य.

पानं मधल्या आडव्या रेघेवर कापली. कापणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) सोपी आहे, पण लाकडी ठशाची रेघ सरळ नसते, त्यामुळे पुष्कळ पानं हाताने फिरवून सरळ करून घ्यावी लागली. कापल्यावर ओसीआर सुधारलं, तरी अर्थाच्या बारीक अक्षरांच्या दोन-दोन उभ्या ओळी त्याला झेपत नाहीत. शेवटी निर्णय असा: मोठी अक्षरं ओसीआरने, बारीक अर्थ हाताने, तेही फक्त जिथे अक्षर ओळखायला अर्थाची मदत लागते तिथे. सेवेचे उरलेले पैसे बुडाले.

आणखी एक उपद्व्याप. त्या सेवेने जुनी पारंपरिक अक्षरं परस्पर सोप्या लिपीत बदलली. सोप्या लिपीत ‘पाठवणे’ आणि ‘केस’ ही दोन अक्षरं एकच आहेत, ‘मागे’ आणि ‘राणी’ हीसुद्धा. मी ‘पुनरावृत्ती काढा’ हे बटण आधीच दाबलं होतं, त्यामुळे कोणकोणती अक्षरं गेली ते कळायला मार्ग राहिला नाही. मूळ ओसीआरची फाइल जपून ठेवली होती म्हणून निभावलं. सोप्या लिपीत बदल करणारा पर्याय बंद आहे की नाही, हे पहिल्या पानालाच तपासा.

३ फेब्रुवारी

अक्षरालाच मुख्य ओळख मानून तक्ता बांधला होता. तो मोडला. फूचौत एकेका अक्षराचे दोन-तीन उच्चार असतात, एक पोथीतला, एक बोलण्यातला. ‘मोठा’ या अर्थाचं अक्षर बोलताना ‘तुआइ’, पोथीत ‘ताइ’. पहिला चौतिसाव्या यमकात, दुसरा सहाव्यात. अक्षर ओळख असेल तर नंतरची नोंद आधीची पुसून टाकते, आणि माझ्याकडे तेच झालं होतं.

आता ओळख म्हणजे तीन आकडे: यमक-आद्यध्वनी-सूर. मग पान, ओळ, अक्षर, अर्थ आणि शेवटी ‘शंका’ असा एक रकाना. शंकेचा रकाना सर्वांत जास्त भरतो.

गंमत म्हणजे छी जिग्वांगने ही आकड्यांची तिकडी लष्करी सांकेतिक भाषा म्हणून वापरली, अशी कथा चिनी वाचकांत फिरते. खरी असो वा नसो, या कामाला ती पद्धत अगदी चोख बसते.

११ फेब्रुवारी

सगळा आठवडा एका आकड्यामुळे गेला.

मी यमकांना क्रमांक देताना ज्यात अक्षरं भरलेली आहेत अशीच यमकं मोजत गेलो. पण कवितेतल्या छत्तिसांपैकी तीन यमकं रिकामी आहेत. बारावं (‘सोनं’) म्हणजे आठवंच (‘पाहुणा’). तेहतिसावं (‘प्लम’) म्हणजे तेरावं (‘पेला’). पस्तिसावं (‘झाकणे’) म्हणजे बत्तिसावं (‘विचित्र’). कवितेची लय साधायला ती घेतलेली, उच्चार मात्र एकच. प्रत्यक्ष यमकं तेहतीसच.

परिणाम असा की बाराव्यानंतरचं सगळं एकाने सरकलं, चौतिसावं दोनाने आणि शेवटचं तीनाने. म्हणून ‘ओढ्या’चं यमक माझ्याकडे तेहतीस क्रमांकावर, कोशात छत्तीस. आवृत्तीशी ताडून पाहताना पहिली अकरा यमकं तंतोतंत जुळली आणि नंतरचं एकही जुळेना, तेव्हा ओसीआरवर आणखी चार दिवस डोकं फोडलं. दोष स्वतःच्या मोजणीत होता.

उपाय: क्रमांक कवितेप्रमाणेच ठेवा, १ ते ३६, आणि रिकाम्या तिघांच्या जागी ‘=८’, ‘=१३’, ‘=३२’ लिहा.

टाळीच्या ओळीचंही तेच. वीस अक्षरांपैकी पहिली पंधरा खरे आद्यध्वनी, शेवटची पाच नुसती लयीसाठी, त्यांचे ध्वनी आधीच येऊन गेलेले. सूर नावाला आठ, पण दुसरा आणि सहावा एकच, म्हणजे प्रत्यक्षात सात. सहाव्याला मी रकाना ठेवला आहे आणि तो कायम रिकामा राहणार आहे. काढून टाकू नका. काढला तर सातवा सहावा होतो आणि पुन्हा सरकासरक.

२० फेब्रुवारी

पंधरा आद्यध्वनींना देवनागरीत चिन्हं ठरवली. मराठी माणसाला हे काम इंग्रजीवाल्यापेक्षा सोपं जातं: ल, प, क, ख, त, फ, थ, च, न, स, शून्य, म, ङ, छ, ह. प-फ, त-थ, क-ख या जोड्या आपल्याकडे तयारच आहेत. ‘च’ म्हणजे चमच्यातला, चहातला नव्हे. ‘फ’ ओठ मिटून, फोनमधला नव्हे. ‘छ’ मात्र चमच्यातल्या ‘च’ला ‘ह’ची फुंकर दिलेला, असा ध्वनी आपल्याकडे नाही, तरी चिन्ह म्हणून चालून जातो.

यमकांना देवनागरी देण्याचा नाद सोडला. ओठ गोल करून काढलेले पुढचे स्वर देवनागरीत बसवायला जी चिन्हं लागतात ती दुसऱ्या दिवशी माझी मलाच वाचता येईनात. यमक म्हणजे आकडाच.

८ मार्च

आता ताडणी. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी फूचौच्या बोलीसाठी रोमन लिपी केली, तिचं नाव ‘बाङ्-उआ-चे’. तिच्यातले शब्द मोठ्या संख्येने मिळतात. कल्पना अशी होती की स्क्रिप्टने रोमन स्पेलिंगवरून यमक, आद्यध्वनी, सूर काढायचे आणि माझ्या तिकडीशी जुळवायचे. जुळेल ते हिरवं, न जुळेल ते लाल.

पहिल्या फेरीत पडदा लालेलाल.

कारण एक: आद्यध्वनी. या लिपीत रोमन ‘बी’ म्हणजे आपला ‘प’, ‘डी’ म्हणजे ‘त’, ‘जी’ म्हणजे ‘क’. ‘पी’ म्हणजे ‘फ’. दहा मिनिटांत दुरुस्त.

कारण दोन: सुरांची चिन्हं. अक्षरावरची वाटी पहिल्या सुरालाही लागते आणि आठव्यालाही. उजवीकडे वर जाणारी तिरकी रेघ तिसऱ्यालाही आणि चौथ्यालाही. फरक शेवटी आहे. ‘के’ किंवा ‘एच’वर संपणारा शब्द चौथा किंवा आठवा, बाकीचा पहिला किंवा तिसरा. स्क्रिप्टला आधी शेवट बघायला लावलं, मग चिन्ह.

कारण तीन: काही स्वरांखाली दोन टिंबं असतात. ‘यू’खाली टिंबं असलेल्या अक्षराला युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षरसंकेतांच्या यादीत) स्वतंत्र संकेतांक आहे, पण तशाच ‘ए’, ‘ई’, ‘ओ’ला नाही, ते मूळ अक्षर आणि टिंबं असे वेगवेगळे लिहितात. त्यामुळे फक्त ‘यू’वाले शब्द न जुळता राहत होते, आणि ते पाहून मला वाटलं की ते यमकच मी चुकीचं वाचलंय. सगळा मजकूर आधी विघटित रूपात (अक्षर आणि टिंबं सुटी) नेला की प्रश्न मिटतो.

एवढं करूनही जवळजवळ निम्मं लाल राहिलं.

१७ मार्च

निम्म्या लालचं कारण सापडलं. या कामात मला सर्वांत महाग पडलेली गोष्ट हीच.

लाल नोंदींची यादी सुरांप्रमाणे लावून पाहिली. पहिला, दुसरा, पाचवा, आठवा जवळपास सगळे हिरवे. तिसरा, चौथा, सातवा लाल.

फूचौत यमकाचा स्वर सुरानुसार बदलतो. या तीन सुरांत तो सैल पडतो, ‘इ’चा ‘एइ’ होतो, ‘उ’चा ‘ओउ’. जुन्या कोशकारांना हे दोन उच्चार एकच यमक वाटले, कारण बोलणाऱ्याच्या कानाला ते एकच आहे. मिशनरी बाहेरून आलेले, त्यांनी जे ऐकलं ते वेगवेगळं लिहिलं.

शहराचंच नाव घ्या. त्यातलं पहिलं अक्षर रोमनमध्ये ‘होक’ असं लिहितात. ‘कपडे’ किंवा ‘सेवा’ या अर्थाचं अक्षर ‘हुक’ असं. माझी स्क्रिप्ट म्हणाली दोन यमकं. कोशात पहिलं १-१५-४, दुसरं १-१५-८. एकच यमक, एकच आद्यध्वनी, फक्त सूर वेगळा. बाङ्-उआ-चेमधलं ‘चे’, म्हणजे ‘लिपी’, हेसुद्धा तसंच: कोशात ते एकविसाव्या यमकात, २१-८-७ या खान्यात, आणि त्याच यमकाचा पहिला सूर ‘चि’ असा लिहिला जातो.

उपाय म्हणून प्रत्येक यमकाला दोन स्पेलिंगं दिली, एक १-२-५-८ साठी, दुसरं ३-४-७ साठी. ही यादी हाताने करायला दोन संध्याकाळी लागल्या. त्यानंतर लाल नोंदी एका पडद्यावर मावू लागल्या. ही यादी फाइलमध्ये वेगळ्या पानावर टाकली आहे. कोणी दुसऱ्यांदा करू नये.

२ एप्रिल

उरलेल्या शंकांसाठी बोलणारा माणूस शोधला. इथे सिंगापूरमध्ये माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं गाव मलेशियातल्या सारावाकमधलं सिबू. १९०१ साली वोंग नाइ सिओंग यांनी फूचौ भागातल्या लोकांना तिथे नेऊन वसवलं, अजूनही घरात बोली टिकून आहे. तो आनंदाने बसला. मी यादीतले शब्द वाचायला दिले, फोनवर रेकॉर्ड केलं.

घरी येऊन ऐकलं तर यादी पुन्हा विस्कटलेली. मी त्याला जोडशब्द दिले होते. फूचौत जोडशब्दात पुढच्या शब्दाचा आद्यध्वनी आधीच्या शब्दाच्या शेवटाप्रमाणे बदलतो. ताओ युमिन यांनी १९३० मध्येच हे मांडून ठेवलंय, मी वाचलंही होतं. शिवाय जोडशब्दात आधीच्या शब्दातला सैल स्वर पुन्हा घट्ट होतो. म्हणजे ज्या ‘होक’साठी मी मार्चभर डोकं खपवलं, ते शहराचं नाव बोलताना त्याच्या तोंडून ‘हु’ असं आलं. हे ऐकून तक्ता बदलला असता तर सतरा मार्चचं सगळं काम उलटं झालं असतं.

दुसऱ्या भेटीत एकेक अक्षर सुटं वाचून घेतलं. तेही पुरेसं नाही. सिबूला गेलेले बरेचसे लोक शहरातले नव्हेत, मिनछिंग, गुत्येन अशा आसपासच्या तालुक्यांतले. कोश शहराच्या बोलीचा. त्याची रेकॉर्डिंग वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहेत, तक्त्याला लावलेली नाहीत.

चहाचा खर्च माझा. त्याच्या आईने फोनवरून दोन शंका सोडवल्या, त्या मात्र घेतल्या, ‘शंका’ रकान्यात तसं लिहून.

१४ एप्रिल

शहरातला एक तरुण फूचौवाला ऑनलाइन भेटला. त्याचं म्हणणं, कोशात उगाच फुगवटा आहे: ‘शरद’ (४) आणि ‘जाळणे’ (१८) ही एकच यमकं, ‘पेला’ (१३) आणि ‘तेज’ (१७) ही एकच. ‘ल’ आणि ‘न’ वेगळे कशाला?

त्याच्या तोंडी ते खरंच एकच आहेत. आजच्या फूचौत ही यमकं मिसळली आहेत, ल-न सुद्धा अनेकांचे मिसळलेत. ‘के’ आणि ‘एच’ हे दोन शेवट रोमन लिपीत वेगळे लिहिलेले, आता सगळे गळ्यात अडवलेल्या एकाच झटक्यावर संपतात. मीही ‘एकत्र करा’चा पर्याय घालावा असं क्षणभर मनात आणलं, मग सोडून दिलं. जे वेगळेपण आज कोणाच्या तोंडात नाही तेच शोधायला लोक हा कोश उघडतात. मिसळून टाकलं तर एखादा आजचा शब्दकोश घेणं जास्त स्वस्त.

त्याने सुचवलेलं एक मात्र घेतलं. ‘आजचा उच्चार’ असा रकाना, अगदी शेवटी, राखाडी रंगात, आणि तो शोधात धरला जात नाही.

५ मे

युनिकोडमध्ये नसलेली अक्षरं. बोलीतल्या शब्दांसाठी कोशकारांनी काही अक्षरं स्वतः जुळवली आहेत. आधी त्यांच्या जागी रिकामा चौकोन टाकत होतो, पण सगळे चौकोन सारखेच, मग कोणता कुठला ते कळेना. आता प्रत्येकाला ‘डावीकडे हात, उजवीकडे अमुक’ अशी घटकांची नोंद आणि त्या खान्याचं छोटं चित्र. काम कंटाळवाणं आहे, पटापट होत नाही.

काही खान्यांत अक्षरच नाही, नुसतं वर्तुळ आहे. उच्चार आहे, लिहायला अक्षर नाही, असा त्याचा अर्थ. ओसीआरने ती सगळी वर्तुळं ‘शून्य’ म्हणून आकड्यात वाचली आणि स्प्रेडशीटने त्यांची बेरीज करायची तयारी दाखवली. रकाना ‘मजकूर’ प्रकाराचा करा.

२३ मे

फाइल वापरण्याजोगी झाली. ज्यांना हा कोश किंवा याच्यासारखा दुसरा करायचा आहे त्यांनी माझी स्क्रिप्ट आंधळेपणाने वापरू नये. क्वांतोंगी (कँटोनीज) बोलीच्या ‘फनयुन त्सोयाव’ या यमककोशाला (सर्वांत जुनी ज्ञात प्रत १७८२ ची) ती लागू पडणार नाही. तिथेही पान दोन भागांत आहे, पण दुसऱ्या भागात पत्रलेखनाचे नमुने छापलेत. कापायची स्क्रिप्ट तेवढी कामाला येईल.

लाल राहिलेल्या नोंदी मी लालच ठेवल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा पुसट छपाईच्या, काहींबद्दल २००१ ची आवृत्ती आणि माझं स्कॅन यांत मतभेद आहे. तिथे दोन्ही वाचनं दिली आहेत.

लिन यांच्या खालच्या भागाला मी हात लावणार नाही. त्यात यमकांची नावं आणि मांडणी वेगळी, म्हणजे ही जुळवाजुळव पहिल्यापासून. कापलेली खालची अर्धी पानं तिरकी सरळ करून, क्रमांक घालून फोल्डरमध्ये ठेवली आहेत. ज्याला करायचंय त्याने तिथून उचलावीत, आणि यमकं मोजताना रिकामी यमकं आहेत का ते आधी बघावं.